परदेशातली टेक्निशियनची नोकरी आणि किमान पगाराचा नियम : भागाकाराचा एक धडा



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत पाचवीतल्या एका मुलाची आई शाळेत आली. हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट ठेवलेला एक कागद. म्हणाली, "मॅडम, जरा वाचून सांगता का? ह्याच्या ताईचं इंग्लंडचं आलंय."

ताई म्हणजे आमच्याच शाळेतून शिकून गेलेली मुलगी. बारावी सायन्सनंतर डीएमएलटी केलेलं, तालुक्याच्या लॅबमध्ये सहा महिने काम. कागदावर लिहिलं होतं : पद लॅब टेक्निशियन, पगार वर्षाला २५,५०० पौंड, कामाचे तास आठवड्याला ४५, राहण्याची सोय मोफत. मी तिथेच मोबाइल काढला. एका पौंडाला साधारण ११५ रुपये धरले तर २९ लाखांच्या वर गेलं! मी म्हणाले, "ताई, पगार तर चांगलाच दिसतोय की."

एजंटाने सहा लाख मागितले होते. २५ हजार टोकन देऊन झालं होतं. उरलेल्या पैशांसाठी विहिरीखालचं एक एकर गहाण ठेवायचं घरात ठरत होतं.

त्या रात्री मी दुसऱ्या दिवसाच्या भागाकाराची उदाहरणं काढत बसले होते आणि तो ४५ चा आकडा डोक्यात आला. २५,५०० ला ५२ आठवडे आणि ४५ तासांनी भागून पाहिलं. उत्तर आलं ते बघून मला माझीच लाज वाटली. गणित शिकवणारी मी, आणि त्या माऊलीला फक्त गुणाकार करून दाखवला होता. भागाकार केलाच नव्हता.

पुढचे आठ दिवस मी या विषयाचे नियम वाचले. आपल्या गावागावांत डीएमएलटी, एक्स-रे टेक्निशियन, ओटी टेक्निशियन, डायलिसिस टेक्निशियन असे कोर्स केलेली मुलंमुली आहेत. त्यांचे कागद वाचायला घरचे आपल्याकडेच, शाळेतल्या मॅडम किंवा सरांकडे येतात. म्हणून हा धडा. मुख्य उदाहरण ब्रिटनचं घेतलं आहे आणि आकडे २०२५-२६ या वर्षाचे आहेत. हे आकडे दरवर्षी बदलतात. पण आकडा कसा तपासायचा ती रीत बदलत नाही, आणि आपल्याला शिकायची आहे ती रीत.

पाठाची उद्दिष्टे

१. व्हिसाच्या नोकरीला किमान पगार कसा ठरतो ते समजून घेणे.
२. वार्षिक पगारावरून तासाचा दर काढणे.
३. पगारात काय धरतात, काय धरत नाहीत ते ओळखणे.
४. कोणता खर्च कोणी करायचा ते माहीत करून घेणे.

पहिली पायरी : पदाचं नाव नको, कोड बघा

"टेक्निशियन" हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. रक्त घेणारा टेक्निशियन, रिपोर्टवर सही करणाराही टेक्निशियन. ब्रिटनच्या व्हिसा खात्याला मात्र नावाशी देणंघेणं नाही. तिथे प्रत्येक कामाला चार अंकी व्यवसाय कोड असतो. उदाहरणार्थ, रेडिओग्राफरचा कोड २२५४, बायोमेडिकल सायंटिस्टचा २११३. किती पगार हवा आणि मुळात व्हिसा मिळू शकतो का, हे दोन्ही या कोडवरून ठरतं.

इथे एक मोठा बदल लक्षात ठेवायला हवा. २२ जुलै २०२५ पासून नव्याने येणाऱ्या कामगारासाठी ब्रिटनने कामाची पातळी पदवीपर्यंत नेली. म्हणजे काम पदवी दर्जाचं असायला हवं. त्याखालच्या दर्जाचं काम असेल, तर त्याचं नाव सरकारने काढलेल्या कमतरतेच्या यादीत असेल तरच व्हिसा मिळतो. त्याच दिवसापासून परदेशातून केअर वर्कर नेणंही बंद झालं. म्हणजे २०२२-२३ मध्ये शेजारच्या गावातलं कोणी गेलं असेल, तर त्याच वाटेने आज जाता येईलच असं नाही. एजंट मात्र अजून जुनीच वाट दाखवत असतो.

दुसरी गोष्ट नोंदणीची. रेडिओग्राफर, बायोमेडिकल सायंटिस्ट, ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर या पदांची नावं तिथे कायद्याने राखीव आहेत. एचसीपीसी या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय ते नाव लावून काम करता येत नाही. आपल्याकडचा कोर्स त्या पातळीचा आहे का, हे परिषद तपासते. दोन वर्षांच्या डिप्लोमावर "तिकडे गेल्यावर रजिस्ट्रेशन करून देऊ" असं कोणी म्हणत असेल, तर तिथेच थांबायचं.

आमच्या कागदावर कोड नव्हताच. नोंदणीचा उल्लेखही नव्हता.

दुसरी पायरी : पगाराच्या चाळण्या

आपण धान्य चाळतो तेव्हा एका चाळणीतून गेलेलं दुसरीत अडकू शकतं. पगाराचं तसंच आहे. तीन चाळण्या आहेत आणि तिन्हींतून पगार पार व्हायला हवा.

पहिली चाळण देशाच्या किमान वेतनाची. ती सगळ्यांना लागू, तिथल्या माणसालाही आणि बाहेरून आलेल्यालाही. २१ वर्षं आणि त्यावरच्या कामगाराला एप्रिल २०२५ पासून तासाला १२.२१ पौंड. एप्रिल २०२६ पासून १२.७१ पौंड.

दुसरी चाळण व्हिसाच्या किमान रकमेची. ज्या आरोग्य नोकऱ्यांचे पगार राष्ट्रीय वेतनश्रेणीवर ठरतात, त्यांच्यासाठी वर्षाला किमान २५,००० पौंड. ही रक्कम ९ एप्रिल २०२५ पासूनची, त्याआधी ती २३,२०० होती. वेतनश्रेणीत न बसणाऱ्या इतर आरोग्य नोकऱ्यांसाठी सर्वसाधारणपणे ३१,३०० पौंड. आरोग्याबाहेरच्या कुशल नोकऱ्यांना तर ४१,७००. म्हणजे आरोग्य क्षेत्राला सवलत आहे, पण सवलतीलाही तळ आहे.

तिसरी चाळण त्या कामाच्या चालू दराची. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, २००४ पासून "अजेंडा फॉर चेंज" नावाची वेतनश्रेणी आहे. आपल्याकडे वेतन आयोगाचे स्तर असतात तसे तिथे बँड आहेत. इंग्लंडमधले २०२५-२६ चे सुरुवातीचे पगार असे :

बँड ३ : २४,९३७ पौंड
बँड ४ : २७,४८५ पौंड
बँड ५ : ३१,०४९ पौंड
बँड ६ : ३८,६८२ पौंड

नवीन रेडिओग्राफर किंवा बायोमेडिकल सायंटिस्ट साधारणपणे बँड ५ पासून सुरू करतो. मग त्याला व्हिसासाठी २५,००० पुरतील का? नाही. त्याच्या बँडचा दर ३१,०४९ आहे, म्हणून तो दर द्यावाच लागेल. नियमातले शब्द ध्यानात ठेवायचे : "यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती." वेतनश्रेणीत बसणारं काम खाजगी रुग्णालयात असलं तरी व्हिसासाठी हाच तक्ता बघतात.

बँड ३ ची ओळ पुन्हा वाचा. २४,९३७. व्हिसाची रेषा २५,०००. अवघे ६३ पौंड कमी! खुद्द सरकारी रुग्णालयाचा सुरुवातीचा पगार सरकारच्याच व्हिसा नियमाखाली राहिला. मदतनीस दर्जाच्या कामांना हा बँड असतो. आधीपासून तिथे काम करणाऱ्या कितीतरी जणांचं व्हिसाचं नूतनीकरण या ६३ पौंडांशी येऊन ठेपतं. नियम लिहिणाऱ्याला ६३ म्हणजे काहीच नाही, पण ज्याचा व्हिसा आहे त्याला ते सगळं काही आहे.

तिसरी पायरी : भागाकार

आता फळ्याकडे या. एनएचएसचे दर आठवड्याला ३७.५ तास धरून आहेत.

३७.५ × ५२ = १,९५० तास वर्षाला.
२५,००० ÷ १,९५० = १२.८२ पौंड तासाला.

म्हणजे व्हिसाची किमान रक्कम पूर्ण वेळेला तासाला १२.८२ पडते, देशाच्या किमान वेतनापेक्षा थोडी वर. आता आपला कागद घेऊ.

४५ × ५२ = २,३४० तास वर्षाला.
२५,५०० ÷ २,३४० = १०.९० पौंड तासाला.

बघा, वर्षाचा आकडा २५,००० च्या वर आहे म्हणून दुसऱ्या चाळणीतून तो पास झाल्यासारखा दिसतो. पण तासाचा दर १२.२१ च्याही खाली गेला. म्हणजे पहिल्याच चाळणीत अडकला. ४५ तासांचं काम नुसत्या किमान वेतनाने केलं तरी २,३४० × १२.२१ म्हणजे २८,५७१ पौंड व्हायला हवेत. कागदावर तीन हजारांहून जास्त पौंड कमी.

बँडचा दरही तासांच्या प्रमाणात वाढतो. बँड ५ चं काम ४५ तास करायचं असेल, तर ३१,०४९ × ४५ ÷ ३७.५ = ३७,२५८.८० पौंड. पाचवी-सहावीतल्या मुलाला येणारी ही त्रैराशिकाची आकडेमोड. पण ती कोणी करत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष पौंडाला किती रुपये याकडे असतं. एजंटालाही तेच हवं असतं.

उलट बाजूही बघा. तास कमी असतील तर बँडचा दर प्रमाणात कमी होतो, पण २५,००० चा तळ खाली येत नाही. म्हणून अर्धवेळ नोकरीवर हा व्हिसा सहसा बसत नाही.

चौथी पायरी : पगारात काय धरायचं, काय नाही

आमच्या कागदावर "राहण्याची सोय मोफत" असं ठळक अक्षरात होतं. आपल्याला वाटतं, भाडं वाचलं म्हणजे पगारच वाढला. व्हिसाचा हिशोब तसं मानत नाही. त्यात फक्त हमीचा मूळ पगार धरतात. ओव्हरटाइम, बोनस, रात्रपाळीचा भत्ता, मोफत खोली, जेवण यांपैकी काहीही किमान रकमेत धरत नाहीत.

आणखी एक पळवाट होती. पगार पूर्ण दाखवायचा आणि मग "व्हिसाचा खर्च" म्हणून महिन्याला त्यातून कापून घ्यायचा. ९ एप्रिल २०२५ च्या बदलानंतर अशी कपात वजा करून उरलेली रक्कम किमान पगाराशी ताडतात. म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेता येत नाही.

पाचवी पायरी : खर्च कोणाचा?

नोकरी देणाऱ्याने करायचे खर्च असे. स्पॉन्सर म्हणून लायसन्स घेण्याची फी, प्रत्येक कामगारामागे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपची फी (२०२५ मध्ये ५२५ पौंड) आणि जिथे लागू असेल तिथे इमिग्रेशन स्किल्स चार्ज. हा चार्ज कामगाराकडून कधीच वसूल करता येत नाही. ३१ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या सर्टिफिकेटची फी आणि लायसन्सची फीही कामगाराच्या माथी मारता येत नाही.

उमेदवाराने करायचे खर्च म्हणजे व्हिसा अर्जाची फी, इंग्रजीची परीक्षा, कागदपत्रं, परिषदेची नोंदणी. हेल्थ अँड केअर व्हिसाची फी २०२५ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीला ३०४ पौंड होती. इतर कामगारांना वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, तो या व्हिसावर माफ आहे. तरीही एखादा एजंट "हेल्थ सरचार्ज" म्हणून तीन वर्षांचे तीन लाख मागू शकतो. माफ असलेली गोष्ट विकणं हा सगळ्यात सोपा धंदा.

एजंटाचं काय? ब्रिटनमध्ये १९७३ च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज कायद्यानुसार नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडे १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचा. त्यानुसार परदेशात भरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं, आणि तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो. एकूण ३५,४००. तेही पावती देऊन. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर बघता येते. पावती नसेल तर पुढे तक्रार करायला हातात काहीच राहत नाही.

आता एक भागाकार तुम्ही करा. ६,००,००० ÷ ३५,४००. जवळजवळ १७ पट!

सहावी पायरी : हातात किती पडतात?

किमान पगाराचे सगळे आकडे कर कापण्याआधीचे असतात. बँड ५ चे ३१,०४९ पौंड घेऊ. इंग्लंडमध्ये पहिल्या १२,५७० पौंडांवर आयकर नाही. उरलेल्या १८,४७९ वर २० टक्के आयकर म्हणजे ३,६९५.८०, आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स म्हणजे १,४७८.३२. दोन्ही वजा जाता वर्षाला २५,८७४.८८, महिन्याला साधारण २,१५६ पौंड. पेन्शनची वर्गणी धरली तर हातात याहून कमी. यातून घरभाडं, वीज, बस आणि जेवण. खर्च पौंडात, म्हणून कमाईही पौंडातच मोजायची. रुपयांत गुणाकार करायचा तो फक्त घरी पाठवायला उरलेल्या रकमेचा.

आखाताचा हिशोब वेगळा

आपल्याकडची, विशेषतः कोकणातली बरीच मुलं आखातात जातात, म्हणून थोडं तिकडचं. तिथला नियम देशागणिक बदलतो. कतारमध्ये मार्च २०२१ पासून सगळ्या कामगारांना महिन्याला किमान १,००० रियाल मूळ पगार आहे, आणि मालकाने सोय केली नसेल तर राहण्यासाठी ५०० व जेवणासाठी ३०० रियाल. हा सगळ्यात खालचा तळ झाला. शिकलेल्या टेक्निशियनने तेवढ्यावर समाधान मानायचं कारण नाही. संयुक्त अरब अमिरातीत परदेशी कामगारांना लागू होईल असं सरसकट किमान वेतन ठरवलेलंच नाही. तिथे करारात जे लिहिलं तेच खरं.

आणि करारात बघायचा आकडा म्हणजे मूळ पगार. समजा दोन पत्रं आली, दोन्हींत एकूण ४,००० दिरहम. एकात मूळ १,५०० आणि भत्ते २,५००, दुसऱ्यात मूळ २,८०० आणि भत्ते १,२००. दरमहा दोन्हीकडे सारखेच पैसे. पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर असते, पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांची. पाच वर्षांचे १०५ दिवस. पहिल्या पत्रात रोजचे ५० दिरहम, म्हणजे ५,२५०. दुसऱ्यात ९,८००.

भारत सरकारने आखाती देशांसाठी काही कामांचे किमान शिफारस वेतन ठरवले आहे. पण ते मुख्यतः ज्यांना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो अशा कमी शिकलेल्या कामगारांसाठी. दहावी पास झालेल्याला हा क्लिअरन्स सहसा लागत नाही. म्हणजे आपला टेक्निशियन शिकलेला म्हणून सरकारी चौकीतून न थांबता पुढे जातो, आणि नेमका म्हणूनच त्याचा पगार कोणी तपासत नाही. शिकल्यामुळे तपासायची जबाबदारी त्याची स्वतःची झाली.

नियम मोडला तर भोगतो कोण?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पगाराचा नियम मालकासाठी आहे. मालकाने कमी पगार दिला तर त्याचं स्पॉन्सर लायसन्स रद्द होऊ शकतं. ऐकायला बरं वाटतं. पण लायसन्स रद्द झालं की तिथल्या परदेशी कामगाराचा व्हिसाही अडचणीत येतो. सहसा ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर परत फिरायचं. चूक मालकाची आणि सामान बांधायचं आपण. म्हणून कमी पगार मिळत असूनही कित्येक जण तोंड उघडत नाहीत. गावाकडे जमीन गहाण असेल तर मुळीच नाही.

तक्रारीची सोय आहे. किमान वेतनाबद्दल तिथल्या महसूल खात्याकडे तक्रार करता येते, एकास नावाच्या संस्थेची मोफत हेल्पलाइन सल्ला देते. जो कोणी तिथे आहे त्याने ती वापरावी. पण जो अजून इथे आहे त्याच्याकडे याहून मोठी ताकद आहे : पैसे देण्याआधी विचारण्याची.

कागद आला की विचारायचे सहा प्रश्न

१. व्यवसाय कोड कोणता?
२. बँड किंवा चालू दर कोणता धरला?
३. आठवड्याला तास किती? तासाचा दर किती पडतो?
४. ओव्हरटाइम आणि भत्ते सोडून मूळ पगार किती?
५. पगारातून काय काय कापणार?
६. स्पॉन्सरचं नाव ब्रिटिश सरकारच्या स्पॉन्सर यादीत आहे का? पत्र खरोखर त्यांनीच दिलंय का?

शेवटच्या प्रश्नाबद्दल एक सूचना. आम्ही यादी पाहिली, तर कागदावरच्या संस्थेचं नाव तिच्यात होतं. मला क्षणभर हायसं वाटलं. पण यादी सगळ्यांना खुली आहे, त्यातलं नाव कोणीही उचलून कागदावर छापू शकतो. म्हणून पत्रावरच्या फोनवर विचारायचं नाही. संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून पत्ता शोधून तिथे विचारायचं. आम्ही ईमेल केला, उत्तर आलं नाही. एजंटाला हे सहा प्रश्न विचारले, तर तो म्हणाला, "मॅडम, तिकडे गेल्यावर ओव्हरटाइम भरपूर असतो." त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

टोकनचे २५ हजार गेले. जमीन राहिली.

वर्गात हा पाठ कसा घेतला

पाचवीच्या मुलांना पौंड-बिंड काही सांगितलं नाही. फळ्यावर लिहिलं : एका दुकानात ६ तास काम, ३०० रुपये. दुसऱ्या दुकानात ९ तास काम, ३६० रुपये. कोणतं बरं? सगळा वर्ग ओरडला, "दुसरं!" मग भागाकार केला. पहिल्यात तासाला ५०, दुसऱ्यात ४०. वर्ग शांत.

एक मुलगा उभा राहिला. "पण मॅडम, दुसऱ्यात घरी जास्त पैसे येतात ना?" त्याचंही खरंच होतं. मी त्याला म्हटलं, "मग पहिल्यापेक्षा जास्तीचे तीन तास किती रुपयांना विकले ते काढ." त्याने काढलं. ६० रुपये, तासाला २०. थोडा वेळ वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग मी त्या तीन तासांत खेळीन."

शिक्षकांनो, "वेतन आणि वेळ" यावरचं एक उदाहरण भागाकाराच्या घटकात जरूर घ्या. मुलं ते घरी जाऊन सांगतात. घरी रोजंदारीचा हिशोब करणारं कोणी ना कोणी असतंच.

स्वाध्याय

१. पगार वर्षाला २६,००० पौंड, आठवड्याला ४० तास. तासाचा दर काढा. १२.२१ च्या चाळणीतून तो पार होतो का?
२. बँड ५ चं काम, आठवड्याला ३० तास. प्रमाणात पगार किती? २५,००० च्या चाळणीचं काय होईल?
३. पत्रात लिहिलंय : मूळ पगार २२,०००, हमीचा ओव्हरटाइम ४,०००, एकूण २६,००० पौंड. व्हिसासाठी कोणता आकडा धराल?

उत्तरे : (१) २६,००० ÷ २,०८० = १२.५०. या चाळणीतून पार, पण एप्रिल २०२६ पासूनच्या १२.७१ मधून नाही. (२) २४,८३९.२० पौंड. २५,००० पेक्षा कमी म्हणून व्हिसाला पुरेसा नाही. (३) २२,०००.

पालकहो, परदेशी जाऊच नका असं मला म्हणायचं नाही. इथल्या पदवीवर तिथली नोंदणी मिळवून मानाने काम करणारी आपली माणसं आहेत, आणि योग्य पगार मिळणारी नोकरी खरोखर घर उभं करते. आमची ही मुलगी सध्या तालुक्याच्या लॅबमध्येच आहे. डिप्लोमानंतर पदवीला कुठे प्रवेश मिळतो याची चौकशी करायला ती परवा शाळेत आली होती. येताना फी-रचनेचा कागद घेऊन आली. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "थांबा मॅडम, आधी मी भागून दाखवते."

तुमच्या गावात असा एखादा कागद आला असेल तर तो घेऊन बसा, मुलांनाही शेजारी बसवा. आणि गुणाकाराआधी भागाकार करा.